स्तनपान-सल्ल्याची पॅकेजं: गोव्यातल्या बाळंतिणीने पैसे कुठे द्यावेत, कुठे देऊ नयेत

पहिल्या भेटीत बाळाचं वजन न करणाऱ्या आणि बाळ पिताना समोर बसून न बघणाऱ्या सल्लागाराला फी देऊ नये. गोव्यात स्तनपानाचा सल्ला सध्या तीन प्रकारे विकत मिळतो. एक घरी येणारी सल्लागार. दुसरी मुंबई-पुणे-बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर बोलणारी. आणि तिसरं, गरोदरपणातच पैसे भरून घ्यायचं काही महिन्यांचं ऑनलाइन पॅकेज, ज्यात रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, व्हॉट्सॲप ग्रुप आणि अधूनमधून प्रश्नोत्तरांचा तास असतो. पहिली सेवा जाणकार हातात पडली तर पैसे वसूल होतात. दुसरी घरात चांगला वजनकाटा असेल तरच कामाची. तिसरीबद्दल आमचं मत कडक आहे, कारण तिथे झालेल्या चुकांची किंमत बाळ मोजतं.

आधी माणूस कोण ते बघा. ‘लॅक्टेशन कन्सल्टंट’ ही पदवी नव्हे. चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलेली आणि आयबीसीएलसी ही स्तनपान सल्लागारांची आंतरराष्ट्रीय परीक्षा पास झालेली, दोघीही तेच नाव लावतात. आयबीसीएलसी प्रमाणपत्र पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, म्हणून त्यावरची मुदत विचारायला लाजू नका. कमी शिक्षणाची पण रुग्णालयात प्रसूती वॉर्डात वर्षानुवर्षं काम केलेली नर्सही उत्तम सल्ला देते. ती वजनकाटा घेऊन येते की सुविचार घेऊन, एवढंच बघायचं.

चांगली पहिली भेट तास-सव्वा तासाची असते. सुरुवातीला प्रश्न: नॉर्मल की सिझेरियन, रक्तस्राव किती झाला, थायरॉइड, पीसीओएस, मधुमेह आहे का, स्तनावर कधी शस्त्रक्रिया झाली का, गरोदरपणात स्तनांचा आकार वाढला का. ही चौकशी वायफळ नाही. प्रसूतीत खूप रक्त गेलं, वार म्हणजे प्लासेंटाचा तुकडा आत राहिला, थायरॉइड आटोक्यात नाही, किंवा दुधाच्या ग्रंथीच कमी आहेत, तर दूध उशिरा उतरतं किंवा पुरेसं येतच नाही. साधारणपणे दूध दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरतं. 72 तास उलटूनही स्तन भरल्यासारखे वाटत नसतील तर कारण शोधावं लागतं. ‘मन प्रसन्न ठेव, येईल’ हे त्यावरचं उत्तर नाही.

मग वजन. जन्माचं 3 किलो असेल तर 2.79 म्हणजे 7 टक्के घट. इथपर्यंत काळजी नाही, फक्त लक्ष. 2.7 म्हणजे 10 टक्के. इथे बाळ पिताना बघणं, रक्तातली साखर आणि कावीळ तपासणं, आणि वरचं दूध लागेल का याचा निर्णय त्याच दिवशी व्हायला हवा. जन्माचं वजन 10 ते 14 दिवसांत भरून आलं पाहिजे, आणि त्यानंतर रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ. काटा कुठला, हेही महत्त्वाचं. लटकवायच्या स्प्रिंग काट्यावर खुणा 100 ग्रॅमच्या असतात. त्यावर महिन्याची वाढ कळते, एका वेळी बाळ किती प्यालं ते कळत नाही. त्यासाठी 5 ग्रॅम किंवा त्याहून बारीक दाखवणारा डिजिटल काटा हवा. पाजण्याआधी आणि नंतर, त्याच कपड्यांत, मध्ये लंगोट न बदलता वजन करायचं. वाढलेला एक ग्रॅम म्हणजे जवळजवळ एक मिलिलिटर दूध. एकाच वेळच्या मापावरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण सकाळचं पिणं आणि संध्याकाळचं पिणं सारखं नसतं.

त्यानंतर ती बाळ पिताना बघते. बाळाचं नाक स्तनाग्रासमोर, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, मग हनुवटी आधी टेकवून जवळ घ्यायचं. वरच्या बाजूला काळा भाग जास्त दिसला पाहिजे, खालच्या बाजूला कमी. पहिले काही क्षण ओढल्यासारखं वाटतं ते चालेल. अर्ध्या मिनिटानंतरही कळ येत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून सरकवून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. तोंडातून बाहेर आलेलं स्तनाग्र गोल असावं. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरपं चपटं झालं असेल तर पकड उथळ आहे. मग मलम लावून भेगा भरणार नाहीत, पकड सुधारावी लागेल. दूध उतरल्यावर एक-दोन चोखण्यांमागे एक गिळणं ऐकू यावं. नुसतं भरभर चोखणं चालू आणि गिळणं नाही, तर बाळ स्तनावर आहे पण पीत नाही. व्हिडिओ कॉलवर नेमका हाच आवाज ऐकू येत नाही, कोनही नीट दिसत नाही.

लंगोटांबद्दल एक सूचना, जी चांगल्या सल्लागार आवर्जून देतात: पहिला आठवडा कापडी लंगोट वापरा. डिस्पोजेबल डायपर थोडी लघवी शोषून कोरडाच वाटतो. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन असं वाढत पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा तरी ओले हवेत. शी काळ्यावरून हिरवट आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. चौथ्या दिवसानंतर लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसला तर दूध कमी पडतंय असं समजून त्याच दिवशी वजन करा.

आता ऑनलाइन पॅकेजं. यातल्या बऱ्याच ठिकाणी एक ठरलेली शिकवण मिळते: प्रत्येक आईला पुरेसं दूध येतंच, वजनाच्या मागे लागू नका, डब्याच्या दुधाचा एक थेंब दिला की सगळं संपलं. या शिकवणीत खरं काय आहे ते आधी मान्य करायला हवं. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी फार तर 2 ते 10 मिली चीक पितं, आणि निरोगी बाळाला तेवढं पुरतं. गरज नसताना वरचं दूध दिलं की स्तनावरची मागणी घटते, आणि मागणी घटली की दूध घटतं. हेही शंभर टक्के खरं. पण जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या यशस्वी स्तनपानासाठीच्या ज्या दहा पायऱ्यांचा दाखला हे लोक देतात, त्या 1989 पासून आहेत, 2018 मध्ये सुधारल्या गेल्या, आणि त्यांतल्या सहाव्या पायरीचं म्हणणं असं आहे: वैद्यकीय कारण असल्याखेरीज नवजात बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये. पॅकेजांच्या रंगीत पोस्टरवर या वाक्याचा सुरुवातीचा अटीचा भाग गाळलेला असतो. सगळा दुराग्रह त्या गाळलेल्या तीन-चार शब्दांत आहे.

तो भाग गाळल्यावर काय होतं ते सविस्तर सांगायलाच हवं. दूध कमी मिळालं की बाळाच्या अंगातलं पाणी घटतं. शिवाय ज्या स्तनात दूध नीट उतरलेलं नाही, त्या दुधात सोडियमचं प्रमाण चढं असतं. दोन्ही मिळून रक्तातलं सोडियम 150 च्या पुढे जातं, आणि मग मेंदूला इजा, झटके, मूत्रपिंडावर ताण. या सगळ्यात बाळ रडत नाही, हीच फसगत. ते झोपतं, स्तनाला लावलं की दोन मिनिटांत पुन्हा डोळे मिटतं. ग्रुपवर आईने ‘खूप शांत आहे, फार रडत नाही’ असं लिहिलं की खाली शंभर हृदयं पडतात, आणि वजन विचारायचं कुणाला सुचत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) गोव्यातलं सिझेरियनचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आलं होतं. सिझेरियननंतर दूध उतरायला उशीर होण्याची शक्यता जास्त. डिस्चार्ज होतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी, म्हणजे वजन सगळ्यात खाली असतं तेव्हाच. त्यात माहेर पेडण्यात, डिचोलीत किंवा सीमेपलीकडे बांद्याला असेल तर पुढची तपासणी आठवड्यावर जाते. मधले ते तीन-चार दिवस सगळ्यात धोक्याचे, आणि नेमकं तेव्हाच पॅकेज सांगतं, घरातला काटा लपवून ठेवा.

बाळ पाजायला उठवूनही उठत नसेल, आठ तास लघवी नसेल, पिवळेपणा पोटाखाली पायांपर्यंत उतरला असेल, टाळू खोल गेली असेल किंवा अंग तापलं असेल, तर ग्रुपवर विचारत बसू नका. 108 ला फोन करा, नाहीतर जवळचं रुग्णालय गाठा.

वरचं दूध द्यायची वेळ आली तर ते औषधासारखं मोजून द्यावं, आणि इथेच जाणकार सल्लागाराची किंमत कळते. पहिली पसंती आईचंच काढलेलं दूध. पहिल्या दोन दिवसांत पंपापेक्षा हाताने चीक जास्त निघतो, चमच्यात धरता येतो. ते नसेल तर दूधपेढीतलं, तेही नसेल तर डबा. प्रमाण: दुसऱ्या दिवशी एका वेळी 5 ते 15 मिली, तिसऱ्या दिवशी 15 ते 30, चौथ्या दिवशी 30 ते 60. एवढंच. तिसऱ्या दिवशी 90 मिलीची बाटली पाजली की बाळ पाच तास झोपतं, स्तन तुडुंब राहतात आणि मग खरंच दूध आटायला लागतं. द्यायला आजीच्या ट्रंकेतलं बोंडलं किंवा वाटी-चमचा उत्तम. बाळाला उभट धरून ओठाला कड टेकवायची आणि त्याला स्वतः चाटू द्यायचं, घशात ओतायचं नाही. आधी स्तन, मग मोजून वरचं, मग पंधरा मिनिटं पंप, असं प्रत्येक वेळी. यात तीन तासांतला एक तास सहज जातो, आईची झोप उडते. म्हणून हा बेत दोन-तीन दिवसांचा असावा, रोज वजन घेऊन कमी करत जावा. ‘चालू ठेवा, बघू’ म्हणून पंधरवडा ओढणारी सल्लागार बदला.

डबा तयार करताना होणाऱ्या चुका पॅकेजवाले शिकवतच नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते पापच. परिणाम असा की लपून डबा देणारी आई चुकीचा देते. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे साधारण 70 अंशांवर असताना कालवायचं, कारण पावडर निर्जंतुक नसते. मग भांडं नळाखाली धरून कोमट करायचं. चमचा सपाट, आणि किती पाण्याला किती चमचे ते त्याच डब्यावर वाचायचं. डबा महिनाभर पुरावा म्हणून पातळ केलं तर बाळ उपाशी राहतं, घट्ट केलं तर पुन्हा सोडियमचा प्रश्न. खोलीत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ होतं त्या घरांत ही काळजी दुप्पट. डब्यांची आणि बाटल्यांची नावं या परीक्षणात मुद्दाम नाहीत. 1992 चा कायदा, 2003 च्या दुरुस्तीसह, त्यांच्या जाहिरातीला बंदी घालतो, आणि ती बंदी योग्यच आहे. आईच्या भीतीवर धंदा करणाऱ्या कंपन्यांमुळे ती आली.

उलट टोकाची सेवाही गोव्यात भेटते आणि तिला माफी नाही. वॉर्डात कुणीही न बघता ‘दूध नाही तुला, डबा आण’ असं पहिल्याच रात्री सांगणं, सटीच्या आधीच मध किंवा साखरपाणी चाटवणं, उन्हाळा आहे म्हणून पाणी पाजणं. मधातून एक वर्षाखालच्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. पाणी सहा महिन्यांपर्यंत लागत नाही, मे महिन्यातल्या मडगावातही नाही. फक्त पाजणं वाढवायचं. ‘शेवटी पोट भरलं म्हणजे झालं’ एवढं सांगून मोकळं होणारी बाई पैसे घेऊन काम न करणारी. आईला पाजायचं असेल तर तिला ते जमवून देणं हेच तिचं काम.

पॅकेजच्या जाहिरातीत हुशारी, सडपातळपणा, आयुष्यभराची रोगप्रतिकारशक्ती असं सगळं एका दमात लिहिलेलं असतं. बेलारूसमध्ये 17,046 माय-लेकरांवर झालेला प्रोबिट अभ्यास या विषयातला सगळ्यात मोठा प्रयोग, 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनपानाला पाठबळ दिलेल्या रुग्णालयांत पहिल्या वर्षात जुलाबाचे आजार 9.1 टक्के बाळांना झाले, इतर रुग्णालयांत 13.2 टक्के; इसबही कमी दिसला. श्वसनाच्या आजारांत ठळक फरक दिसला नाही. साडेसहा वर्षांच्या वयात भाषिक बुद्धिमापनात फायदा दिसला, लठ्ठपणात नाही. हा फायदा खरा आहे, त्यासाठी कष्ट घेणं योग्य आहे. डबा मिळालेलं मूल मात्र वाया जात नाही. जी सेवा आईला हे दोन्ही एकाच बैठकीत सांगू शकते तीच विश्वासाची.

पॅकेजसोबत भाड्याने येणाऱ्या पंपाकडे नीट बघा. क्लोज्ड सिस्टिम असेल तरच भाड्याचा किंवा जुना घ्यावा, म्हणजे दूध मोटारीपर्यंत जात नाही. ओपन सिस्टिमच्या मोटारीत आधीच्या बाईचं दूध आणि बुरशी असू शकते, नळी बदलून ती जात नाही. खोक्यात बहुधा 24 मिमीचा फनेल, म्हणजे स्तनावर लावायची वाटी, येतो. स्तनाग्राच्या बुंध्याचा व्यास पट्टीने मोजा, काळा भाग सोडून, आणि त्यात एक ते तीन मिमी मिळवा. 17 मिमीच्या स्तनाग्राला 24 चा फनेल लावला तर काळा भाग आत ओढला जातो, सूज येते, दूध कमी निघतं, आणि ग्रुपवर दोष आईच्या मनःस्थितीला दिला जातो. ओढ अचानक कमी झाली तर आधी व्हॉल्व्ह काढून प्रकाशात धरा. रोज वापरात तो दोनेक महिन्यांत सैलावतो, फाटतो. आपल्या दमट हवेत नळीत थेंब राहिले की बुरशी धरते. दूध काढून झाल्यावर नळी जोडूनच पंप रिकामा दोन-तीन मिनिटं चालू ठेवा. फोंडा-सत्तरीकडे पावसात वीज तासन्‌तास जाते, त्यामुळे बॅटरीवर न चालणारा पंप घेऊ नका. काढलेलं दूध 25 अंशांना चार तास टिकतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ते सरळ फ्रिजमध्ये, मागच्या बाजूला, दारात नाही, आणि चार दिवसांत संपवायचं.

स्तनात गाठ, लाली, ताप असताना कोण काय सांगतं यावरून सल्लागाराचं वाचन कळतं. ‘गरम शेक द्या, जोरात चोळा, पंपाने पूर्ण रिकामं करा’ हा सल्ला जुना झाला. अमेरिकेतल्या ॲकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने 2022 मध्ये सुधारित मार्गदर्शन दिलं, त्यानुसार थंड पट्टी, डॉक्टरांना विचारून आयब्युप्रोफेन, बाळाला नेहमीइतकंच पाजणं, आणि जोराचं मालीश अजिबात नाही. चोळल्याने आतली सूज वाढते, जादा पंप केल्याने दूध वाढून गाठ आणखी वाढते. चोवीस तासांत उतार नसेल तर डॉक्टर.

काही ग्रुप डब्याला इतके घाबरतात की अनोळखी बाईचं काढलेलं दूध घ्यायला सांगतात. दूधपेढीत दात्या आईच्या रक्ताची तपासणी होते आणि दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवलं जातं. आशियातली पहिली दूधपेढी 1989 मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात याच पद्धतीने सुरू झाली. व्हॉट्सॲपवरच्या पिशवीला यातलं काहीच झालेलं नसतं. आईचं दूध विकण्याविरुद्ध तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने मे 2024 मध्ये स्पष्ट सूचना काढली आहे. असं दूध मिळवून देणारं पॅकेज लगेच सोडा.

आहाराच्या नावाने घातलेली बंधनंही तपासा. बाळाला गॅस झाला की आईचं दूध-दही, गहू, मासे सगळं बंद, असा सरसकट फतवा निघतो. शीमध्ये रक्त किंवा वारंवार ओकारी अशी खूण नसताना त्याला आधार नाही. बाळंतिणीने बांगडा, पेडवे खुशाल खावेत. मोरी, म्हणजे शार्क मासा, तेवढी टाळावी, तिच्यात पारा जास्त असतो. नाचणीचं तिजान, अळिवाची खीर पोषणासाठी छान, पण दूध वाढवण्याचं खात्रीचं औषध म्हणून विकलेल्या पुड्यांना पैसे देऊ नका. खरी गरज आहे बाळाला रोज 400 युनिट व्हिटॅमिन डी थेंबांची, आणि पुष्कळ पॅकेजांत तिचा उल्लेखही नसतो.

औषधं बंद करायला सांगणारी सेवा सगळ्यात वाईट. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर दिली जाणारी सर्ट्रालिनसारखी औषधं स्तनपान चालू ठेवून घेता येतात, निर्णय डॉक्टरांचा. रात्री बाळ झोपलं तरी झोप न येणं, बाळ नकोसं वाटणं, स्वतःला संपवावंसं वाटणं, यावर पाजण्याच्या पोझिशनचा व्हिडिओ पाठवणाऱ्या ग्रुपमधून आईला बाहेर काढा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, आणि बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजजवळच मनोरुग्णांसाठीची सरकारी संस्था, आयपीएचबी, आहे. काही आयांसाठी रात्रीचं एक पाजणं नवऱ्याने डब्याने किंवा काढलेल्या दुधाने करणं हाच इलाज ठरतो. ते करायची परवानगी कुणा ॲडमिनकडे मागायची नसते.

मग पैसे कुठे? आधी जिथे पैसे लागत नाहीत तिथे जा. बांबोळी, म्हापसा आणि मडगावच्या सरकारी रुग्णालयांच्या बालरोग ओपीडीत किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात डिस्चार्जनंतर दोन दिवसांत वजन करून घ्या, त्या दिवशी लसीकरण नसलं तरी. वजन ठीक, पण दुखतंय किंवा पकड जमत नाही, तर एका भेटीचे पैसे घेणारी घरी येणारी सल्लागार बोलवा, आणि 48 तासांनी फोनवर पाठपुरावा त्याच फीत आहे का ते आधी ठरवा. काही महिन्यांचं पॅकेज बाळ जन्मायच्या आधी घेऊ नका. घ्यायचंच असेल तर पैसे भरण्यापूर्वी एकच प्रश्न लिहून पाठवा: ‘चौथ्या दिवशी वजन 11 टक्के उतरलं तर तुम्ही काय कराल?’ उत्तरात वजन पुन्हा बघणं, बालरोगतज्ज्ञ, मोजून वरचं दूध आणि पंप हे सगळं असेल तर विचार करा. उत्तरादाखल एखाद्या आईची यशोगाथा आली तर पैसे वाचवा, त्यात चांगला डिजिटल काटा महिनाभर भाड्याने घ्या.